बटणांच्या डब्यातली पिपाणी

व्हिटबी,
९ जानेवारी २०२३

प्रिय कर्स्टी,

नाताळला तू येऊन बातमी सांगून गेलीस तेव्हापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. शेजारच्या ग्लेनिसला सांगितलं, खाटकाला सांगितलं, बसच्या ड्रायव्हरलाही सांगितलं. तो काहीतरी म्हणाला, पण मला ऐकू आलं नाही. तीस वर्षं माशांच्या कारखान्यात डबे ठोकणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहिल्यावर कान एवढेच उरतात. फोनचा उपयोग नाही, म्हणून नेहमीसारखी कागद घेऊन बसले आहे.

आता मुद्द्याचं. नाताळच्या जेवणानंतर तू मागच्या दारी कचऱ्याच्या डब्यांपाशी काय करत होतीस ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आधी वाटलं, अंगणात काही पेटलंय. मग टरबुजाचा वास आला. डिसेंबरात व्हिटबीला टरबूज कुठून येणार?

पोरी, पोटात अडीच महिन्यांचं बाळ आणि तोंडात ती पिपाणी, हे बरं दिसतं का? तुझी आई कशाने गेली ते मी तुला सांगायला नको. बारा वर्षांची होतीस, पण सगळं कळत होतं तुला. आणि मी सिगारेट कशी सोडली तेही तुला ठाऊक आहे. पन्नासाव्या वाढदिवसाला सकाळी उठले, भरलेलं पाकीट शेगडीत टाकलं आणि विषय संपवला. मनात आणलं की होतं. तूही आण.

उलट टपाली कळव.

तुझी,
बेरिल मावशी


ग्रिम्सबी,
१६ जानेवारी २०२३

प्रिय मावशी,

व्हिटबीच्या बस ड्रायव्हरला माहीत आहे आणि माझ्या सुपरवायझरला अजून नाही. आता सांगावंच लागेल, कारण हॅडॉकच्या वासाने मी दिवसातून चारदा पॅकिंगचा पट्टा सोडून पळते. मासे पॅक करणाऱ्या बाईला माशांचा वास सोसेना, म्हणजे संपलंच.

पिपाणीचं म्हणतेस तर नीट सांगते, रागावू नकोस. पंधराव्या वर्षापासून मी तुझ्याच घरामागच्या गल्लीत सिगारेट ओढत होते. तू कधी पकडलं नाहीस. पुढे दिवसाला वीसवर गेले. सोडायचे सगळे प्रकार करून पाहिले, आणि शेवटी या व्हेपवर, म्हणजे वाफेच्या इलेक्ट्रिक सिगारेटवर, आले तेव्हा कुठे सुटली. दोन वर्षं झाली, एकही सिगारेट नाही. माझा क्रेग समुद्रातल्या पवनचक्क्यांवरच्या कामावरून दोन आठवड्यांनी घरी येतो, मागच्या पायरीवर बसून कागदात तंबाखू वळून ओढतो, आणि मी पलीकडच्या टोकाला माझं टरबूज घेऊन बसते. तरी त्याच्या पिशवीला हात लावलेला नाही.

दवाखान्यात आमची सुईणबाई आहे, फिलिपा. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "काहीच न ओढणं सगळ्यात चांगलं. पण व्हेप टाकून परत सिगारेटवर जाणार असशील तर व्हेपच ठेव बाई. त्यातलं निकोटिन हळूहळू उतरवू." दर तपासणीला एका यंत्रात फुंकायला लावतात. पंधरा मोजेपर्यंत श्वास धरायचा आणि नळीत सोडायचा. सिगारेटच्या धुरातला विषारी वायू अंगात किती आहे ते आकड्यात दिसतं. माझा आला एक. फिलिपा म्हणाली, चर्चमधल्या पाद्र्याचाही याहून कमी येणार नाही.

तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही, मावशी. लहानपणी तुझ्या पर्समधलं च्युइंगगम उचललं म्हणून तू माझ्या हातावर फटका मारला होतास, आठवतं? स्वतः दिवसभर चघळायचीस आणि मला एक दिलं नाहीस. सिगारेट सोडलीस, पण कंजूसपणा काही सुटला नाही.

तुझी,
कर्स्टी


व्हिटबी,
२१ जानेवारी २०२३

कर्स्टी,

गोड बोलून विषय बदलायची तुझी सवय जुनी आहे.

यंत्राला दिसत नाही म्हणून ते नाहीच का? त्या वाफेत काय असतं ते कुणाला ठाऊक? ग्लेनिसने पेपरात वाचलंय, आणि वाचून तिला रात्रभर झोप नव्हती. तुझी ती फिलिपा शिकलेली असेल, पण हळूहळू म्हणजे कधीच नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही. अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या, पिपाण्या, सगळ्या कुबड्या आहेत. कुबड्या घेऊन कुणी धावायला शिकलंय का? मी शेगडीत टाकलं ते अशा एखाद्या बाईला विचारून नाही टाकलं.

आपल्या घरात येणाऱ्या प्रत्येक बाळाला घरातली थोरली बाई शाल विणते. लग्नाच्या अंगठीतून अख्खी ओढली तरी निघाली पाहिजे, इतकी तलम. तुझ्या आईची तुझ्या आजीने विणली, तुझी मी विणली. पांढरी लोकर आणून ठेवली आहे. पण ती पिपाणी माझ्या हातात पडेपर्यंत सुईवर पहिला टाका चढणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही. तुझ्या आईला मी वेळेवर दटावलं नाही, याची सल मला पंधरा वर्षं आहे. दुसऱ्यांदा ती चूक करणार नाही.

मला वचन हवंय. कागदावर.

बेरिल मावशी


ग्रिम्सबी,
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय मावशी,

पोस्टात पाकीट घेऊन गेले होते. काउंटरवरची बाई म्हणाली, आत बॅटरी आहे, साध्या पाकिटात असं जात नाही. म्हणून पिपाणी क्रेगच्या आईबरोबर पाठवतेय. तिची बिंगोची मंडळी बस करून व्हिटबीला येताहेत, तळलेले मासे खायला. ग्रिम्सबीसारख्या माशांच्या गावातल्या बायकांनी मासे खायला व्हिटबी गाठायची, याला काय म्हणावं?

वचन देते. ही नळी किंवा दुसरी कुठलीही नळी मी पुन्हा तोंडात धरणार नाही.

आता टाके घाल.

कर्स्टी


व्हिटबी,
१० फेब्रुवारी २०२३

माझ्या बाळा,

आली. क्रेगच्या आईने ती किचन रोलच्या कागदात गुंडाळून दिली, आणि देताना असा चेहरा केला जसा काही मी तिच्याकडून पिस्तूल घेतेय. मी ती बटणांच्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. बिचारी एवढीशी, गुलाबी. हिला घाबरत होतो आपण.

त्याच संध्याकाळी शालीचे पहिले टाके घातले. मंगळवारी आमच्या बायकांच्या क्लबमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझ्या भाचीने एका दिवसात सोडली. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मला ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. ग्लेनिस म्हणाली, शेवटी भाची कुणाची?

पाहिलंस ना? मनात आणलं की होतं. पुढच्या तपासणीचा आकडा कळव.

तुझी,
बेरिल मावशी


ग्रिम्सबी,
२७ मार्च २०२३

प्रिय मावशी,

उशीर झाला, माफ कर. कामावर माणसं कमी आहेत आणि घरी आले की झोपते. आकडा एक आहे.

बाळ लाथा मारतं. पुढच्या महिन्यात एक जादा स्कॅन ठेवला आहे, नेहमीचंच असतं म्हणतात. क्रेग परवा गेला बोटीवर. मी मागच्या पायरीवर कोट घालून बसून हे लिहितेय, आत फार कोंडल्यासारखं होतं.

शाल फार मोठी करू नकोस.

कर्स्टी


व्हिटबी,
२ एप्रिल २०२३

प्रिय कर्स्टी,

कान गेले असले तरी नाक शाबूत आहे माझं. पाकीट उघडलं आणि तंबाखूचा भपकारा आला. तुझ्या क्रेगला माझा निरोप सांग: बायको पोटुशी असताना घरात धूर करणारा माणूस पवनचक्कीला टांगून ठेवण्याच्या लायकीचा आहे. ओढायची तर बोटीवर ओढ, म्हणावं. तू एवढं कष्टाने सोडलंस आणि हा तुझ्या पत्रांनाही वास लावतो.

जादा स्कॅन म्हणजे जादा फोटो. एक मला पाठव, ग्लेनिसच्या नाकावर टिच्चून फ्रिजवर लावते. शाल निम्मी झाली आहे. मोठी करू नकोस म्हणे. बाळं काय तेवढीच राहतात का?

बेरिल मावशी


व्हिटबी,
२३ मे २०२३

कर्स्टी,

सात आठवडे झाले, पत्र नाही की फोटो नाही. रागावलीस का? क्रेगला बोलले ते लागलं असेल तर परत घेते, पवनचक्कीचं सोडून.

शाल झाली. काल अंगठीतून ओढून पाहिली, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मला दोन ओळी लिही.

मावशी


ग्रिम्सबी, हॉस्पिटलातून,
१४ जून २०२३

प्रिय मावशी,

मुलगी झाली. शनिवारी, सहा आठवडे आधी. साडेतीन पौंड. काचेच्या पेटीत आहे, नाकाला बारीक नळी लावली आहे. डॉक्टर म्हणतात जगेल. मी अजून तिला फक्त दोनदा हातात घेतलंय.

आता दुसरं. ते लिहिल्याशिवाय मला तिच्या पेटीपाशी धड बसवत नाही.

क्रेग कधीच घरात ओढत नव्हता. तो वास माझा होता. व्हेप तुझ्याकडे पाठवल्यावर तीन दिवस मी काढले. कसे काढले ते विचारू नकोस, भिंती खायला उठल्या होत्या. चौथ्या दिवशी क्रेगची तंबाखूची पिशवी पायरीवर राहिली होती. म्हटलं, एकच. महिनाभरात दिवसाला दहा झाल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा व्हेप मिळाला असता. दोनदा दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले, कारण तुला वचन दिलं होतं. वचन नळीचं होतं. सिगारेटचं तू मागितलंच नव्हतंस, ती तर मी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती. मी स्वतःची अशी समजूत घातली, मावशी. एवढी शहाणी मी.

मार्चमध्ये तुला एक लिहिलं तेव्हा आकडा नऊ होता. एप्रिलमध्ये चौदा. फिलिपाने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "अगं, तुझा व्हेप कुठे गेला?" मी म्हटलं, हरवला. ती म्हणाली, "मग नवा घे ना, किंवा या पट्ट्या लाव." पट्ट्यांचं खोकं हातात दिलं. ते कपाटात तसंच आहे. कुबड्या म्हणाली होतीस ना. तुझ्यासमोर मला कुबड्या घेऊन यायचं नव्हतं. जादा स्कॅन फोटोसाठी नव्हता. बाळ वाढायला हवं तेवढं वाढत नव्हतं.

यामुळेच झालं असं डॉक्टर सांगत नाहीत. न ओढणाऱ्या बायकांचंही होतं, म्हणतात. पण यामुळे झालं नाही असंही कुणी म्हणत नाही, आणि मी रोज कुणीतरी तसं म्हणेल म्हणून वाट बघते.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. खरं सांगायचं तर थोडा द्यायलाही लिहितेय. तुझ्या टाळ्या मला इथे ग्रिम्सबीत ऐकू येत होत्या.

शाल पाठवू नकोस. तिच्यात ही सापडणार नाही.

कर्स्टी


व्हिटबी,
१९ जून २०२३

माझ्या कर्स्टी,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून टेबलावर उघडं आहे. मी त्याच्या कडेला कप ठेवून चहा पिते. तीन कागद लिहून फाडले. हा चौथा आहे आणि हा मी फाडणार नाही.

पन्नासाव्या वाढदिवसाला पाकीट शेगडीत टाकलं, हे खरं आहे. त्यापुढचं खरं नाही.

त्याच दुपारी मी बसने स्कारबरोला गेले, कारण व्हिटबीच्या औषधाच्या दुकानात सगळे मला ओळखतात. तिथून निकोटिनचं च्युइंगगम आणलं. घरी येऊन एकेक गोळी सोलली आणि पुदिन्याच्या साध्या च्युइंगगमच्या डबीत भरली, म्हणजे कुणाला कळायला नको. हे मी सात वर्षं केलं. दर महिन्याला स्कारबरोला जायची, घरी सांगायची दाताच्या डॉक्टरकडे जाते. तुझा स्टॅनकाका बिचारा म्हणायचा, तुझे दात म्हणजे अगदी कार्डिफच्या किल्ल्यासारखे, दुरुस्ती संपत नाही. तो गेला, पण त्याला कळलं नाही.

तू सहा वर्षांची होतीस, माझ्या पर्समध्ये हात घालून त्यातली एक गोळी तोंडात टाकायला निघालीस. लहान मुलाला ते विषच. मी इतकी घाबरले की फटका मारला. तो कंजूसपणा नव्हता, पोरी.

का लपवलं ते मी चार दिवस स्वतःला विचारतेय. शेगडीची गोष्ट मी पहिल्यांदा क्लबमध्ये सांगितली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. एकदा वाहवा घेतली की ती परत कशी करायची? पुढे सांगून सांगून मलाच ती खरी वाटायला लागली. तुला जानेवारीत लिहिलं तेव्हा खोटं लिहितेय असं माझ्या मनातही आलं नाही. हे सगळ्यात वाईट.

नाही, सगळ्यात वाईट हे नाही. तुझ्या आईने मला विचारलं होतं. पहिल्यांदा छातीत दुखायला लागलं त्या वर्षी लिंडा इथे आली, याच टेबलाशी बसली आणि म्हणाली, "बेरिल, खरं सांग, तू कशी सोडलीस? मला जमतच नाही गं." माझ्या गालात तेव्हा एक गोळी होती. मी म्हटलं, मनात आण. तिने चारदा मनात आणलं. तिच्या अंत्यसंस्कारालाही माझ्या गालात एक होती. घरी येऊन मी डबी फेकली आणि मग मात्र खरंच सुटली. कुबड्यांशिवाय मी एक पाऊल टाकलं नव्हतं, कर्स्टी. एकच खोटं मी तुम्हा दोघी मायलेकींना सांगितलं. जानेवारीत दोन ओळींचं काम होतं: मलाही सात वर्षं लागली, हळूहळू सोड, तुझ्या सुईणीचं ऐक. दोन ओळी मला लिहिता आल्या नाहीत.

काल बटणांचा डबा खाली काढला. पिपाणी घेऊन बंदरावरच्या व्हेपच्या दुकानात गेले. बाईला म्हटलं, ही चालू करून द्या, आणि टरबुजाचं भरून द्या, सगळ्यात सौम्य असेल ते. तिने काहीतरी विचारलं, मला ऐकू येईना, तेव्हा तिने कागदावर लिहून दाखवलं: तुमच्यासाठी? मी म्हटलं, माझ्या भाचीसाठी. माझी कुबडी वेगळी होती. बावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा कुणाला बोलून दाखवलं, आणि तेही एका अनोळखी बाईला. ती फक्त मान डोलावून म्हणाली असावी, होतं असं.

आता दूध पाजणार असशील तर ही चालेल की पट्टी बरी, ते फिलिपाला विचार. या वेळी तिचं ऐक, माझं नको. पोस्टात ही घेत नाहीत हे तूच सांगितलंस, म्हणजे मला घेऊन यावं लागेल. तू ये म्हणालीस तर. नाही म्हणालीस तरी मला समजेल, क्रेगच्या आईच्या हाती पोचवेन.

शाल ठेवून दिली आहे. उरलेल्या लोकरीची टोपी विणली, संत्र्यावर बसवून मापली. सोबत पाठवतेय.

बेरिल


ग्रिम्सबी,
२३ जून २०२३

मावशी,

तुझं पत्र मी पेटीशेजारी बसून वाचलं. दोन दिवस तुझा इतका राग आला की फाडणार होते. फाडलं नाही. राग आजही आहे, तो लपवून लिहिणार नाही, आपल्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली.

माझ्यापुरतं म्हणशील तर मी नंतर कधीतरी विसरेन. पायरीवर बसून ओढायला तू आली नव्हतीस, काडी मीच पेटवत होते. पण आईचं मला विसरता येणार नाही. तिच्या वतीने तुला माफ करायला मी कोण? ते तुझं तुलाच वागवावं लागेल.

मुलीचं वजन चार औंसांनी वाढलं. नाकातली नळी काल काढली. टोपी मोठी होते, पण नर्सने काठ दोनदा दुमडून घातली आणि आता ती एखाद्या चिडक्या खलाशासारखी दिसते. नाव लिंडा ठेवलंय. मोठी झाल्यावर तिने विचारलं तर तिला काय सांगायचं, ते आत्तापासून ठरवून ठेव.

फिलिपा वॉर्डात आली होती. मी तिला सगळं सांगितलं, व्हेप हरवला नव्हता हेही. तिने माझ्या दंडावर पट्टी चिकटवली. आठ दिवस झाले, एकही ओढली नाही. आज नळीत फुंकलं. आकडा दोन. हा खरा आहे.

पुढच्या रविवारी ये. बसने स्कारबरोवरूनच येशील ना? पिपाणी आणू नकोस, ती बटणांत राहू दे. नुसती पट्टी मला दुपारनंतर पुरत नाही, आणि फिलिपा म्हणते, जोडीला ते च्युइंगगम चालेल. ते आण, तुझ्या त्या दुकानातलं. वेष्टन काढू नकोस.

आणि मी तुझ्या पर्समध्ये हात घातला तर या वेळी मारू नकोस.

कर्स्टी